बंडीखालचं कुत्रं

आमच्याकडे कुत्र्याची जागा बंडीखाली. वडनेरहून कापूस भरून बंडी हिंगणघाटच्या बाजाराला निघाली, की आमचं तांबडं कुत्रं दोन चाकांमधल्या सावलीत शिरायचं आणि बैलांच्या खुरांमागे चालू लागायचं. येताना बाबा रिकाम्या बंडीत चक्क घोरत. बैलांना घर ठाऊक, कुत्र्याला बैल ठाऊक, मग यांनी कशाला जागायचं?

एकदा असेच घोरत घरी आले. मी धावत जाऊन बंडीखाली हाक मारली, तर शेपटी हलवत बाहेर आलं ते काळं कुत्रं! बाजारात शेजारीशेजारी बंड्या सोडलेल्या. निघायच्या घाईत दोन्ही कुत्री भलत्याच चाकांमध्ये शिरली असणार. मी भोकाड पसरलं.

"रडून काऊन राह्यली?" बाबा म्हणाले. "एक नेलं, एक आणलं."

"बैल बदलून आले असते तरी तुमाले समजलं नसतं," आई म्हणाली.

पुढच्या बाजाराला त्याच जागी बंडी सोडायची, काळ्याचे मालकही येतीलच, असं ठरलं. तोवर काळं आमच्याकडे. मला त्याचा असा राग आला, की दोन दिवस आईनं त्याच्यासाठी ठेवलेली भाकर मी गुपचूप गाईला घातली. ते बिचारं नुसतं माझ्याकडे बघत बसायचं. तिसऱ्या दिवशी मनात आलं, आपलंही असंच कुणाच्या दारात बसलं असेल. माझ्या ताटातली भाकर दुधात कुस्करून मी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं भांडं चाटूनपुसून लख्ख केलं आणि मला खूप लाज वाटली.

बाजाराला मी हट्ट करून गेले. थोड्या वेळानं एक बंडी येऊन थांबली. वर माझ्याएवढी एक मुलगी, खाली आमचं तांबडं! कुत्र्यांनी एकमेकांकडे ढुंकूनही न बघता जागा बदलल्या. दोघींचे बाप मात्र तंबाखू मळत बसले आणि आधी बंडी कुणी जुंपली यावरून वाद घालू लागले.

ती मुलगी खाली उतरली. "आमच्या कुत्र्याले खायले देल्लं का?"

"हो. दूधभाकर."

तिचा चेहरा पडला. "मी तुमच्याले दोन दिवस काईच देल्लं नाई. भल्ला राग आलता त्याचा." आणि ती रडायलाच लागली.

"जाऊ दे, रडू नको," मी मोठ्या मनानं म्हणाले. माझ्या दोन दिवसांचं तोंडाशी आलं होतं, पण बोलले नाही. तिनं डोळे पुसले आणि माझा हात धरून ठेवला.

परतताना बाबा लगेच घोरू लागले. मी मात्र सारखी वाकून बंडीखाली बघत होते. वाटेत माझी सगळी शिदोरी मी आमच्या कुत्र्याला घातली. खरं तर ती काळ्याला द्यायला हवी होती.