तीन बॉलांची बारी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, काही शंका आहे का? माझी एकच होती. "साहेब, आवाज ऱ्हाईल न्हवं?" डॉक्टर हसले. म्हणाले, हृदयाची झडप बदलतोय, घसा नाही. मला असा राग आला! यांना काय माहीत, शिरूर तालुक्यातल्या निम्म्या जत्रांना बैलगाड्यांच्या शर्यतीच्या चढावर, घाटात, माइकवर मी असायचो. एरवी सणसवाडीच्या कंपनीत मशीनपुढे मान खाली घालून उभा. पण जत्रा लागल्या की आपणच राजा. खाली निशाण पडायचं, बैल चढाला लागायचे, आणि माझं 'भिर्रर्र' सुटायचं ते गाडा वर पोचेपर्यंत एका दमात. त्या एका धावेला आमच्याकडे बारी म्हणतात. लहानपणच्या सांधेतापानं झडप आखडली होती आणि दोन वर्षं झाली, बारी संपायच्या आत माझाच दम संपायचा. आता माइक हातात राहतो की जातो, एवढंच मला कळायला हवं होतं.

घशातली नळी काढल्यावर मी पाणी मागितलं, ते मलाच ऐकू आलं नाही. नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, नळीमुळे सूज आहे, बहुतेक उतरेल. त्या 'बहुतेक'नं माझं डोकंच उठवलं. बायको उशाशी बसली होती. ती म्हणाली, "जीव वाचला न्हवं? आता त्या माइकाचं नाव घ्यायचं न्हाई." मी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तसंही बोलता येत नव्हतंच.

मग वॉर्डात आणल्यावर सिस्टरनं एक प्लास्टिकचं खेळणं हातात दिलं. तीन उभे कप्पे, प्रत्येकात एकेक रंगीत बॉल आणि बाजूला एक नळी. म्हणाली, हा श्वासाचा व्यायाम, बॉल वर गेले पाहिजेत. मी नळी तोंडाशी धरली आणि "फू, फू" केलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडापुढे काही आलं की आधी फुंकून बघायचं, चालू आहे का. बॉल जागचे हलले नाहीत. "अहो काका, फुंकायचं नाही, ओढायचं," सिस्टर म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून निघून गेली.

शेजारच्या खाटेवर दौंडचे एक चाचा होते, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचं बायपास झालं होतं. ते तर नळीला शिवायलाच तयार नव्हते. खोल श्वास घेतला की टाके उसवणार, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलेलं. "एकदा चिरलीया छाती. परत उसवली तर शिवनार कोन?" डॉक्टरांनी चांगलंच सुनावलं, बॉल उचलले नाहीत तर फुप्फुसात कफ साचेल आणि पुन्हा आयसीयूत जावं लागेल. चाचांनी मान डोलावली आणि डॉक्टर वळताच खेळणं उशीमागे सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर त्यांच्या डोक्यावर येऊन उभीच राहिली, तेव्हा कुठे त्यांनी नळी तोंडात धरली. पहिला बॉल जरासा उचलला. आणि काय झालं मला कळलं नाही, माझ्या तोंडून निघून गेलं, "निशाण पडलं, मंडळी! दौंडकरांचा गाडा सुटला!" आवाज कसला, नुसती खरखर. पण चाचांचे डोळे चमकले. गडी कधीतरी शर्यतीच्या घाटावर उभा राहिलेला होता, ते मी तिथंच ओळखलं. तेवढ्यात बॉल खाली पडला.

"दौंडकर, बारी फुकट," मी म्हणालो.

चाचांना ते झोंबलं. "फुकट कशी? परत लाव."

परत लावली. पहिला बॉल टपकन वर. दुसरा डगमगत निघाला. समोरच्या खाटांवरचे पेशंट छातीशी उशा धरून उठून बसले. खोकताना, हसताना टाक्यांना हिसका बसू नये म्हणून आम्हा सगळ्यांना उशा दिलेल्या. माझ्या अंगात संचारलं होतं. "आला, आला, दुसरा आला, तिसरा हलला, उचल की टाक, उचल की टाक..." आणि तिसरा बॉल वरच्या झाकणाला लागला. मी त्या फाटक्या गळ्यानं 'भिर्रर्र' केलं. अख्खा वॉर्ड उशा आवळून हसत होता आणि हसता हसता कण्हत होता. चाचांना जोराचा खोकला आला, चांगला कफ पडला. त्यांनी छाती चाचपली. "हाय, टाकं जाग्यावर हाय," ते म्हणाले.

सिस्टर सगळ्यांवर ओरडत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. पहिल्या बॉलापासून तिसऱ्यापर्यंत मी मध्ये श्वासच घेतला नव्हता! दोन वर्षांत पहिल्यांदा. आनंदानं वेडा व्हायची वेळ आली. मग डिस्चार्जपर्यंत रोज सकाळी आमच्या बाऱ्या सुटायच्या, एकदा चाचांची, एकदा माझी.

घरी आल्यावर आवाज हळूहळू आला, पण पहिला नाही. घोगरा, कुणा परक्याचाच वाटावा असा. चैत्रात आमच्या गावची जत्रा आली. कमिटीनं दुसरा निवेदक ठरवला होता. मला म्हणाले, मानाची एक बारी तुम्ही करा. बायकोला मी सांगितलं, नुसता बसून बघतो.

माइक हातात घेतला आणि आधी फुंकून बघितला. निशाण पडलं. माझा आवाज भोंग्यातून बाहेर पडला आणि माणसं वळून बघायला लागली, हा कोण नवा? बघू दे म्हटलं. बैल वर येत होते, धुरळा, भंडारा, आणि माझं 'भिर्रर्र' त्यांच्याबरोबर चढत होतं. गाडा वर पोचला तरी छातीत हवा शिल्लक होती. मला नाचावंसं वाटत होतं.

घरी गेलो तो भांडणाची तयारी ठेवूनच. बायको वट्ट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"भोंग्यावर तुमीच हुता न्हवं?"

"व्हय."

"आवाज न्हाई वळकला, भिर्रर्र वळकलं." तिनं सूप बाजूला ठेवलं. "मागली दोन वर्सं तुमचं सुरू झालं की मी दार लावून आत बसायची. तुमचा आवाज कमी आन् धापाच जास्त ऐकू यायच्या. वाटायचं, आता ही धाप शेवटची."

हे मला ठाऊकच नव्हतं.

"आज हितं भाईर येऊन बसली," ती म्हणाली. "समदी बारी ऐकली."