सांगलीला निघालेला काळा मुखी

उसाला पाणी पाजून मी रानातून घरी आलो, तर अंगणात काळी पिसं पडलेली. कबुतरवाल्याच्या अंगणात पिसं असायचीच, म्हणून मी पुढं निघालो. तेवढ्यात त्यातली लांब पांढरी पिसं दिसली आणि मी खाली वाकलो. ती पंखाच्या टोकाची पिसं होती. एकही मोडलेलं नव्हतं, कारण ती मोडू नयेत म्हणून मी महिनाभर जीव टाकला होता. माझ्या काळ्या मुखीची होती ती, आणि येत्या रविवारी तो सांगलीच्या प्रदर्शनाला जायचा होता.

ज्यांना कबुतरांचा नाद नाही त्यांना हे वेड वाटेल, आणि ते आहेच. मुखी कबुतराचं अंग काळं आणि डोकं पांढरं असतं, टोपी घातल्यासारखं. ही टोपी डोळ्याखाली सरळ कापलेली हवी. एक पांढरं पीस मानेवर उतरलं की पक्षी बाद. दोन्ही पंखांची टोकं सारखी पांढरी हवीत, आणि मान सतत थरथरायला हवी. टोपी जमली तर पंख फसतो, पंख जमला तर मान दगडासारखी. शाळेच्या चड्डीत असल्यापासून मी जोड्या लावत होतो. लग्न झालं, उसाची शेती माझ्या अंगावर पडली, सत्तरचं दशक निम्मं सरलं, तेव्हा कुठं हा एक नर तिन्हीत उतरला. त्याला पहिल्यांदा मान हलवताना पाहिलं त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, आनंदानं.

आमचे आबा फौजेतून पेन्शनीवर आलेले. माझ्या कबुतरांच्या ढाबळीसमोरून जाताना ते थुंकल्याशिवाय जात नसत. "म्हशी पाळ, दूध तरी दितील," म्हणायचे. "नवाब लागून गेलास व्हय? कुंडल गावात कवा नवाब झाल्यात का?" गावात माझी ओळख करून देताना 'आमचा कबुतऱ्या' म्हणायचे. मीही कमी नव्हतो. त्यांच्या मेडलला गंज चढला तरी माझ्या कबुतरांना चढत नाही, असं एकदा बोलून बसलो होतो. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं.

त्या थंडीत आबांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा बसली. धोका टळलाय, गोळ्या चालू ठेवा, हळूहळू फरक पडेल, असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. सोप्यात बाज टाकली. तिथून त्यांना अंगण आणि ढाबळ दोन्ही दिसायचं, इलाज नव्हता.

बातमी कळताच आटपाडीहून आत्या आली. आईविना वाढलेली ही बहीण आबांनी कडेवर घेऊन लहानाची मोठी केली होती. भावाचं वाकडं तोंड बघून ती दाराशीच खाली बसली. मग डोळे पुसून माझ्याकडं वळली.

"वाऱ्याला कबुतराचा रस्सा लागतूय. समद्या गावाला ठावं हाय. ढाबळ भरलीया आनि बाप असा पडलाय, आँ?"

गोळ्यांनी गुण येईल म्हणून मी सांगून पाहिलं. आई पदर तोंडाला लावून बसलेली, आत्या हटेना. शेवटी म्हणालो, "आत्ती, उद्या रानातनं आलो की एक काढून देतो." मनात एक म्हातारी मादी धरली होती, अंडी घालायची थांबलेली. तेही जिवावरच आलं होतं, पण बापापुढं काय बोलणार?

आणि दुसऱ्या दिवशी ही पिसं.

मुखीला ठेवलेलं वेताचं डालगं उताणं पडलं होतं. ढाबळीतली बाकीची सगळी जागच्या जागी घुमत होती. चुलीपुढून आत्या बाहेर आली. चेहरा उजळलेला.

"तुजी वाट बघत हुतो, पर म्हनलं उशीर कशाला. तू तर येगळं काढूनच ठिवलं हुतंस की!"

ती पुढं बोलतच राहिली. "न्हाऊ घातल्यालं, येगळ्या डालग्यात ठिवल्यालं, हरबऱ्याची डाळ म्होरं, पायाला हळद. देवाच्या बोकडाचं बी कुनी इतकं करत न्हाई. आपल्या हातानं कापाय तुजा जीव धजना, म्हून मीच कापलं."

खरंच होतं तिचं. प्रदर्शनासाठी मी त्याला रिठ्याच्या पाण्यानं धुतलं होतं. पिसं मोडू नयेत म्हणून वेगळं ठेवलं होतं. पायाला ओरखडा होता, त्यावर हळद दाबली होती. आमच्या मुलखात असं जनावर कशासाठी राखतात हे शेंबडं पोरही सांगेल. मला तेवढं सुचलं नव्हतं.

"आनि गुन बी आला रं," आत्या म्हणाली. "डालग्यातनं काडलं तसा दादानं तोंडातनं आवाज काडला. पडल्यापास्नं पयल्यांदा! चांगल्या हातानं बाज बडवाय लागला. लय भूक लागली हुती त्येला. समदी वाटी प्याला."

आई पुढं आली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ढाबळीबद्दल चांगलं बोलली. "तुज्या कबुतरांचं आज सोनं झालं बाबा."

मला ओरडायचं होतं. डालगं उचलून भिंतीवर आपटायचं होतं. पण दोघी माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू मी श्रावणबाळ. बाजेवर आबा माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वारं गेलेल्या माणसाला उगीचच रडू येतं असं डॉक्टर म्हणाले होते. मी तोंड फिरवलं आणि पिसं गोळा करायला लागलो.

रविवारी सांगलीला रिकाम्या हातानं गेलो. का गेलो कुणास ठाऊक. पहिला नंबर मिळाला त्या मुखीच्या टोपीची रेघ कानापाशी फाटलेली होती. मी पिंजऱ्यापुढं उभा राहून परीक्षकाला मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. ओळखीच्या शौकिनांनी मला धरून चहाच्या टपरीवर नेलं. तिथं मी लहान पोरासारखा रडलो. त्यानंतर आजवर ढाबळ चालू आहे, बक्षिसंही मिळाली, पण तसा नर पुन्हा उतरला नाही.

गोळ्यांनी म्हणा, रश्श्यानं म्हणा, उन्हाळ्यापर्यंत आबांची जीभ सुटायला लागली. आत्या पुन्हा येऊन त्यांना काठीच्या आधारानं चालताना बघून गेली. पंचक्रोशीत बोभाटा झाला आणि लोक रश्श्यासाठी माझ्या दाराशी कबुतर मागायला येऊ लागले. मी त्यांना हाकलून द्यायचो.

अशाच एकाला हाकलून आलो, तर आबा ढाबळीपाशी खुर्चीत बसलेले. हातानं मला जवळ बोलावलं.

"त्ये... सांगलीचं हुतं न्हवं?"

मी मान हलवली. यांना कसं माहीत? माझ्या कबुतरांतलं एकही हे ओळखत नाहीत, असंच मी धरून चाललो होतो.

"मी तुज्या आत्तीला... नगं म्हनत हुतो. बाज बडवली. तिला वाटलं, रस्सा आन म्हंतोय."

मी खाली जमिनीवर बसलो. त्या दिवशी अंगणात पिसं बघून बसला नव्हता एवढा धक्का मला आता बसला. जिभेला शब्द नसताना हा माणूस माझ्या कबुतरासाठी एका हातानं भांडला होता, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून मी तोंड फिरवलं होतं.

"मग आबा, प्यालासा कशाला?" मी कसंबसं विचारलं. "तोंड मिटून घ्याचं हुतं."

आबांनी बराच वेळ जीभ जुळवली.

"वाटी धरून ती रडत हुती रं," ते म्हणाले. "तिला सांगू नगंस."