बसून की उभं राहून?

सुशीलशेठ गेले, हा फोन आला तेव्हा मी टेंभुर्णीच्या घरी पाहुण्यांना डाव्या हातानं चहाचा कप उचलण्याचा तमाशा दाखवत होतो. कप उचललाही... आणि फोनवरचं ऐकून मांडीवर रिकामा केला. पाहुणे हसले. त्यांना वाटलं, हाही तमाशातलाच भाग.

शेठ म्हणजे जालन्यातला फिजिओथेरपिस्ट. घराणं मारवाडी, धान्याच्या आडतीचं. हा दुकान सोडून लोकांचे लुळे हातपाय हलवत बसला, तरी पेशंट त्याला शेठच म्हणायचे. मला डाव्या अंगाचा अर्धांगवायू झाला तेव्हा त्यानं टीव्हीसमोर बसवलं. पडद्यावर आंबे पडायचे, आपण हात हलवला की टोपली हलायची. मी हात राहू दिला आणि कंबरेतून अख्खाच कलंडून सगळे आंबे झेलले, वर ‘पहिला नंबर!’ म्हणून ओरडलो.

“अण्णा, हात तर जागचा हालला न्हाई. शाळेतबी असेच पास झाल्ते का?”

“बिलकुल!”

त्या कलंडण्याला त्यानं ‘उसनी हालचाल’ असं नाव ठेवलं. वैद्यकीय परिभाषेत माझी भर एवढीच, तीही लबाडीची.

परिभाषेच्या मागं तो खरा लागला धावडा गावच्या एका पेशंट मावशींमुळे. मावशी आमच्यासोबत हेच गेम खेळायच्या, पण खुर्चीत बसून. पुढे त्या लेकीच्या गावी गेल्या. तिथल्या फिजिओथेरपी केंद्राला शेठनं कळवलं, ‘गेम चालू ठेवा.’ तिथं गेम म्हणजे उभ्यानं खेळायचा. मावशी पडल्या, खुबा मोडला, आणि अंथरुणातून पुन्हा उठल्याच नाहीत. त्यांच्या मातीहून परत आल्यावर शेठ त्यांच्याच खुर्चीत बसून राहिला.

“आडतीत पोत्यावर नाव नसलं तर बाप कानाखाली वाजवायचा, अण्णा. मी जितं माणूस पाठवलं... बिगर नावाचं.”

मग तो केंद्राकेंद्रांतून फिरला. कुणी ‘गेम थेरपी’ लिहायचं, कुणी ‘व्हिडिओ व्यायाम’, कुणी नुसतंच ‘टीव्ही’. शेठचं म्हणणं एवढंच, की नाव सगळ्यांनी एक लिहा, आणि पुढे बसून की उभं, आधार कशाचा, कोणता हात, उसनी हालचाल किती, हे त्याच शब्दांत लिहा. मलाही उत्साह आला. त्यानं केंद्रवाल्यांची बैठक बोलावली, तिथं मी ‘क्रीडाधिष्ठित पुनर्वसनोपचार’ असा शब्द सुचवला. सुचवताना माझीच अर्धवट सुटलेली जीभ मध्येच अडकली ती अडकलीच.

“पेशंटची वाचा परत येऊन राह्यली, अन् तुम्ही ती पुन्हा घालवता का?” शेठ म्हणाला. तेव्हा बैठकीत पहिल्यांदा सगळ्यांचं एकमत झालं.

नंतर त्यालाच कर्करोग निघाला, स्वादुपिंडाचा. शेवटचा भेटलो तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. मी विचारलं, बाकीची केंद्रं काय म्हणतात?

“पाहू म्हणतेत.” मग स्वतःच पुढं म्हणाला, “पडल्यावर पाहतील.”

परवा त्याच्या दवाखान्यात गेलो. त्याच्या हाताखाली शिकलेली मेघना फोनवर बोलत होती. तिच्याकडच्या एका पेशंट आजोबांना दुसऱ्या केंद्रात जायचं होतं. “बसून. पाठ टेकलेली. उजवा हात.”

पलीकडून आवाज आला, “अहो ताई, गेमच ना? कळलं.”

“कळलं नको. म्हणून दाखवा.”

हे शेठचं. समोरच्यानं सगळं परत म्हणून दाखवेपर्यंत तो फोन ठेवायचा नाही, लोक वैतागायचे.

पलीकडून फोन कट झाला. मेघनानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तोच नंबर पुन्हा लावला.

“बसून,” ती म्हणाली.