हनुवटी धरण्याआधी

माझ्या ताईला हनुवटीवर कोड होतं. खालच्या ओठाखाली रुपयाएवढा पांढरा डाग. कोड शिवल्यानं लागत नाही, हे आमच्या संघटनेनं पत्रकात छापलं होतं आणि मी सीबीएस बसस्टँडवर उभं राहून ती पत्रकं वाटली होती. तरीही दोन हजार सालानंतरच्या एका थंडीत, ताईला पाहायला लोक येणार म्हटल्यावर आमच्या घरात एकच विषय उरला: डागावर फाउंडेशन कशानं लावायचं. बोटानं, ब्रशनं की स्पंजानं.

डाग गालावर असता तर एवढं अवघड पडलं नसतं. आमच्यात पाहायला आलेली बाई मुलीला कुंकू लावते आणि लावताना डाव्या हातानं तिची हनुवटी धरून तोंड वर करते. मायेनं धरते, असं म्हणायचं. तिचा अंगठा टेकतो नेमका तिथंच ताईचा डाग होता.

गंगापूर रोडच्या दुकानात मी सोबत गेले. सगळं शहर गोरं व्हायला निघालेलं, आणि माझी बहीण पांढरं झाकायला सावळा रंग मागत होती. दुकानदाराला ते पटेचना. दोन शेड उजळ घ्या, कार्यक्रमात उठून दिसाल, असं तो समजावत राहिला. शेवटी खालच्या खणातून धूळ बसलेली एक बाटली निघाली. हा रंग कुणी मागत नाही, म्हणाला. तुमच्या दुकानासमोरून दिवसभर कोण बाया जातात ते जरा डोळे उघडून बघा, असं मी म्हणणार होते. ताईनं माझं कोपर दाबलं. एक चपटा ब्रश आणि तिकोनी स्पंज घेऊन आम्ही बाहेर पडलो.

आमच्या मळ्यात शेवंतीच्या फुलांचा तोडा चालू होता. दुपारी हात धुऊन आई ताईला ओसरीच्या उजेडात बसवायची. ताई रंग लावायची, आई कुंकू लावून हनुवटी धरायची आणि मग स्वतःचा अंगठा बघायची. ब्रशनं थर जाड बसला, वर केसांच्या रेघा; अंगठा टेकला की सगळाच निघून आला. बोटानं लावलेला रंग त्वचेत चांगला मिसळला, पण डाग आतून दिसत राहिला. स्पंज ओला करून, पिळून, न घासता टिपत दोन पातळ थर दिले आणि वर पावडर दाबली, तेव्हा सगळ्यात कमी रंग निघाला. स्पंज ठरला. अंगठ्याची पुसट खूण मात्र तरीही उमटायची.

मी भडकले. ज्या घरात तोंड लपवून जायचं ते घर कसलं, असं बरंच बोलले.

"भाषण नको," आई म्हणाली. "तिचं लगीन हाय, तुझी सभा नाय."

ताई मला मागे हौदाजवळ घेऊन गेली. मुलगा ओझरला नोकरीला होता. एका लग्नात तिनं त्याला पाहिलं होतं, पंगतीत वाढताना दोन शब्द बोलणंही झालं होतं.

"मला तो आवडलाय," ती म्हणाली. "तुझ्या पत्रकात हे कुठं बसतं, ते सांग."

बसत नव्हतं.

रविवारी ते आले. पोहे झाले, ताईला काय काय येतं ते विचारून झालं. मग मुलाच्या मावशीनं करंडा हातात घेतला आणि डावा हात पुढे केला. ताई किंचित मागे सरली.

"मावशी, हनुवटीला रंग लावलाय. खाली कोड आहे. धरलंत तर बोटाला लागेल."

आवाज अगदी साधा, चहात साखर किती विचारावी तसा. आई दारात ट्रे घेऊन थिजली. मुलगा बशीकडे बघत राहिला. तेव्हा त्यानं मान वर केली असती तर मी त्याची सगळी पापं माफ केली असती. मावशीचा हात तसाच थांबला, मग मागे गेला. तिनं लांबूनच, एका बोटानं कुंकू टेकवलं आणि नंतर ते बोट रुमालाला पुसत बसली. बोट लागलं होतं फक्त कपाळाला. शिकलेली, कानात मोत्यांच्या कुड्या घातलेली बाई. पत्रिका जुळत नाही, असा निरोप पुढे आला. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

असं का बोललीस, हे मी ताईला पुष्कळ नंतर विचारलं. ती म्हणाली, आई रोज अंगठा बघायची ना, तसं जन्मभर मला दुसऱ्यांचे अंगठे बघत बसावं लागलं असतं.

त्या दिवशी गाडी मळ्याबाहेर गेल्यावर आई आता ताईला बोलणार म्हणून मी तयारीत होते, उत्तरं तोंडाशी आलेली. पण आई ताईसमोर बसली, पदरानं तिचं कपाळ पुसलं आणि नवं कुंकू लावलं. लावताना हनुवटी धरली, घट्ट. खूप वेळ सोडली नाही. ताई तेव्हा रडली.

आईनं अंगठा बघितला नाही, धुतलाही नाही. संध्याकाळचा तोडा राहिला होता. तिनं टोपली उचलली, आणि पाठोपाठ ताई, मी.