चुना लावलेली टाकी

धाकट्याच्या गाडीची पेट्रोलची टाकी सडली. नवी कोणती बसवायची यावरून घरात जे झालं, ते आठवलं की अजून घास गोड लागत नाही.

आमचं गॅरेज परभणीत, पिंगळीकडं जाणाऱ्या रस्त्याला. मी दिवसभर लोकांच्या गाड्या नीट करायच्या आणि धाकट्या भावानं स्वतःची एकच गाडी बिघडवत बसायचं, असं आमचं चालतं. त्याला ड्रॅग रेसचं खूळ. सरळ रस्त्यावर जीव खाऊन गाडी पळवायची, दहा-पंधरा सेकंदांत खेळ खलास! मागच्या रेसला आमच्या डोळ्यांदेखत एकाची टाकी गळली आणि गाडी पेटली. पोरगं वाचलं, पण दोन्ही हात भाजले. तो वास माझ्या नाकातून जाईना. म्हणून मी ठरवूनच टाकलं, रेसच्या गाड्यांसाठी तयार मिळते तीच टाकी आणायची. बाहेर पत्र्याची पेटी, आत जाड रबराची पिशवी, पिशवीत स्पंज. गाडी उलटली तरी पेट्रोल सहजी सांडत नाही.

"पेट्रोलला आता गादी-उशी लागायली व्हय?" अण्णा म्हणाले. "टाकी मी करतो."

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांचा उभा जन्म पत्र्याच्या कामात गेला. धान्याच्या कोठ्या, रॉकेलचे डबे, ट्रॅक्टरच्या टाक्या, काय म्हणाल ते. पण काचबिंदूनं त्यांची नजर खात आणली होती आणि ते कबूल करत नव्हते. गुडघे आपटत चालायचे, पण भिंतीला हात लावायचे नाहीत. आणि त्यांना दिसतंय हे सोंग आम्ही सगळे सांभाळत बसायचो. मला त्या सोंगाचा लय राग यायचा.

टाकी केली त्यांनी. दिसायला देखणी, खोटं कशाला बोलू? मग त्यांच्या पद्धतीनं परीक्षा. जोडांवर बाहेरून चुना फासायचा, वाळू द्यायचा, आत रॉकेल ओतायचं आणि वाट बघायची. जोड कुठं कच्चा असला तर पांढऱ्या चुन्यावर ओला डाग उमटतो. त्यांच्या हातची टाकी कधी डागाळली नव्हती.

चहा झाल्यावर अण्णा वाकले. टाकीभोवती सावकाश फिरले. "एक ठिपका न्हाई," म्हणाले.

खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग होता.

धाकट्यानं तो बघितला. माझ्याकडं बघितलं. "एक नंबर झाली अण्णा. उद्याच बसवू."

"बसवू? मरायचंय का तुला?" मी ओरडलो. ही टाकी डिकीत, त्याच्या पाठीमागं असणार होती, दोन हातांवर. "गळायली टाकी! अण्णा, टाकी गळायली!"

मी अण्णांचं बोट धरून त्या डागावर टेकवलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं. मग हात धुतले, हत्यारं एकेक करून पेटीत ठेवली आणि आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ती पेटी पुन्हा उघडली नाही. माझ्याशी तर त्यांनी बोलणंच टाकलं. मी बोललो ते बरोबरच होतं, पण बापाचं बोट धरून त्याला त्याची चूक दाखवणं फार वाईट असतं.

तयार टाकी आली. डिकीत पट्ट्यांनी आवळून बसवली, नळ्या जोडल्या. पेट्रोल ओतणार तेवढ्यात अण्णा चुन्याची वाटी घेऊन आले. नळ्यांचे जोड त्यांनी चाचपून शोधले आणि प्रत्येकावर बोटानं चुना फासला. धाकट्याला हसू आलं. मी डोळे वटारले. चुना वाळू दिला, मग पेट्रोल ओतलं. अण्णा स्टुलावर बसून राहिले.

"बघा आता, अण्णा," धाकटा सवयीनं म्हणाला.

"मला दिसत न्हाई."

पहिल्यांदाच म्हणाले. धाकटा घाईनं वाकला, "मी बघतो की."

"तू नको. तू मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतोस." अण्णांनी मान माझ्या दिशेनं वळवली. "तू बघ."

मी वाकलो. प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं, वास घेतला.

"कोरडं हाय, अण्णा."

त्यांनी मान हलवली, उठले, आणि आमच्या देखत भिंत चाचपत घरात गेले.