उजवीकडून वाचा

वैमानिकांचे डोळे तपासण्याच्या खोलीत ताईंनी एकतीस वर्षं काढली. खोली बोळासारखी लांबट. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा तक्ता. अहवालावर सही डॉक्टरांची, पण तपासणी ताईंचीच. तक्ता कधी बदललाच नाही, त्यामुळे परवान्याच्या नूतनीकरणाला येणाऱ्या निम्म्या मंडळींना तो पाढ्यासारखा पाठ होता. शंका आली की ताई गोड आवाजात म्हणत, "आता उजवीकडून वाचा." मग भल्याभल्यांची त्रेधा उडे.

एकदा त्या खुर्चीत त्यांचा थोरला भाऊच येऊन बसला. दादा पिकांवर औषध फवारणारं विमान चालवायचा. आदल्याच आठवड्यात त्याने रस्त्यात भलत्याच बाईला बहीण समजून हाक मारली होती. तक्ता त्याने घडाघडा म्हटला.

"दादा, उजवीकडून."

"चिमे, मी घरचा माणूस ना?"

"म्हणूनच."

दोन अक्षरं जेमतेम आली. ताईंनी 'अपात्र' लिहिलं, आणि डॉक्टरांनी पुन्हा तपासून तेच कायम केलं. दादा विमानतळावर वायरलेसच्या खोलीत बसू लागला. चार वर्षं त्याने बहिणीचा उंबरठा ओलांडला नाही. वहिनी मात्र येऊन जाऊन असायची. म्हणायची, "तुमच्याशी बोलत नाहीत, पण रोज धडधाकट घरी येऊन बोलत नाहीत, हे काय थोडं आहे?"

पुढे रुसवा आपोआप विरघळला. आता दोघंही निवृत्त. ताईंना अजून ती खोली आठवते: स्पिरिटचा वास, खिडकीबाहेर घरघरणारी इंजिनं, निकालाआधी उगीचच हवापाण्याच्या गप्पा मारणारे उंचेपुरे पुरुष.

परवा पेपरात प्रस्तावित कायद्याचा मसुदा आला. वैमानिकांचे परवाने आंतरराष्ट्रीय निकषांवर द्यायचे. दर वेळी वेगळी अक्षरं, तीही पडद्यावर. आणि नात्यातल्या माणसाने तपासणी करायची नाही. लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. दादाला ताईंनीच सगळं वाचून दाखवलं.

"हे कलम तेव्हा असतं तर?" दादाने विचारलं.

"दुसऱ्या कुणी तुझा पाठ तक्ता ऐकून तुला पास केलं असतं."

दादाने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "लिही, या कलमाला आमचा पाठिंबा आहे. कुठल्या बहिणीवर अशी पाळी येऊ नये."

ताईंनी डोळे पुसून पत्र लिहिलं. दादाने खाली चाचपडत सही केली आणि विचारलं, "हुद्दा काय टाकू?"

"वैमानिक," ताई म्हणाल्या.