शनिवारचे फादर

माझा धाकटा भाऊ प्लंबर आहे. लहानपणापासून खिशात रबरी वॉशर घेऊन फिरायचा, म्हणून घरात सगळे त्याला वॉशरच म्हणतात. हातात कला आहे, डोक्यात दगड. हे मी त्याला तोंडावर सांगते, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही.

त्याचं म्हणणं असं, की आम्ही लहान असताना रोमने जुनी मिस्सा, म्हणजे चर्चमधली लॅटिन उपासना, बदलली, तेव्हापासून पोपची गादी रिकामीच आहे. त्यानंतर बसलेला एकही पोप खरा नाही. चर्चचे फादर मिस्सेत पोपचं नाव घेतात, म्हणून हा तिथे जात नाही. टायरच्या दुकानावरच्या खोलीत याच्याच मताची मंडळी जमतात. दर शनिवारी परगावाहून त्यांचे फादर येतात, जुनी लॅटिन मिस्सा करतात आणि तेवढं नाव गाळतात. कहर म्हणजे जुन्या मिस्सेत तो भाग पुटपुटायचाच असतो, कुणाला ऐकूही येत नाही! त्या न ऐकू येणाऱ्या नावापायी हा माझ्या मुलाच्या लग्नाला चर्चबाहेर उभा राहिला. चर्चची टाकी गळली की मात्र पाना घेऊन मागच्या दाराने हजर. मिस्सेची घंटा झाली की काम अर्धवट टाकून बाहेर.

आई त्याच्याकडे असायची. तिचं सगळं तोच करायचा, आणि मनापासून करायचा. बुधवारी तिला धाप लागली. तिने मरणाआधीच्या प्रार्थनेसाठी चर्चच्या फादरांना बोलवायला सांगितलं.

"आपले फादर शनिवारी येतायत ना," वॉशर म्हणाला.

"मग शनिवारपर्यंत मला धरून ठेव," आई म्हणाली.

मी तडक चर्चमध्ये गेले आणि तिथल्या तरुण फादरांना घेऊन आले. वॉशर आईच्या खोलीच्या दारात आडवा.

"ताई, यांना आत नेऊ नकोस."

"अरे, आईला शेवटचं तेल लावायचंय!"

"या प्रार्थनेत पोपचं नाव येतच नाही," फादर हळूच म्हणाले.

"नसेल. पण तुम्हाला पाठवलं कुणी?"

"तुमच्या ताईंनी. ओढतच आणलं."

मला हसू फुटलं, त्याला नाही. "चर्च पुन्हा एक व्हावं म्हणूनच मी अडून बसलोय, ताई. गंजलेल्या पाइपाला टेप गुंडाळून गळती थांबत नाही."

"पाइप घाल चुलीत! आत आई आहे."

तेवढ्यात आतून आई बोलली, "वॉशर, दार सोड. आणि तूही आत ये. दोघं मिळून प्रार्थना म्हणा माझ्यासाठी."

दार सोडलं त्याने. आत आला नाही. फादरांनी तिच्या कपाळाला, तळहातांना तेल लावलं. आई दाराकडे बघत होती. मी उठून बाहेर गेले, तर हा जिन्यात गुडघ्यांवर, हातात जपमाळ, डोळ्यांतून धारा.

"इथूनच म्हणतोय मी," तो म्हणाला.

"तिला ऐकू येत नाहीये, गाढवा!"

तो हलला नाही.

शुक्रवारी पहाटे आई गेली. शनिवारी त्याचे फादर आले. बराच वेळ दोघं दार लावून बसले होते. काय समजूत घातली कोण जाणे. बाहेर येऊन त्याने मलाच विचारलं, "ताई, तेल लावताना आई मला शोधत होती का?"

"हो," मी म्हणाले. "आणि नंतरही."

त्याला लागलं. लागू दे.